माझ्या पुढे चालणारा काळूराम

मला आयुष्यात ज्या माणसाचा सगळ्यात जास्त हेवा वाटला, त्याच्याकडे हेवा करण्यासारखं काहीच नव्हतं. शिक्षण सातवी नापास. पुढचे दोन दात गेलेले. वैशाखऱ्याच्या अलीकडे एका भातगिरणीवर तो मशीन चालवायचा, तीही दुसऱ्याची. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम कोंडा बसलेला. मी विज्ञानाचा शिक्षक, शेणव्याला माझं स्लॅबचं घर, दारात मोटरसायकल, गावात चार माणसं वाकून नमस्कार करणारी. तरी तीन वर्षं मी या माणसावर जळत होतो. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला काळूदादा म्हणायचो. मनात मात्र अरे-तुरेच चालायचं, आणि इथंही मी तसंच लिहिणार आहे. त्याच्याशी आता खोटं वागायचं नाही असं ठरवलंय.

आम्ही दोघांनी दारू एकाच रविवारी सोडली. म्हणजे त्यानं सोडली. मी सोडलीय असं लोकांना वाटत होतं.

दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग भरते, हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं. माझं लिव्हर सुजलं होतं आणि शाळेत दोनदा नोटीस मिळाली होती. मीटिंग शहापुरातही भरायची आणि मुरबाडलाही. शहापुरात जाणं शक्यच नव्हतं, तिथं दर तिसरा माणूस माझ्या कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याचा बाप. म्हणून मी मुरबाड धरलं. नंतर कळलं की मुरबाडची निम्मी माणसं याच कारणानं शहापूरची मीटिंग धरतात. रविवारी सकाळी किन्हवली-सरळगाव रस्त्यावर आम्ही एकमेकांना ओलांडायचो, आणि दोन्हीकडून हेल्मेटच्या काचा खाली यायच्या. इतकी गुप्तता पाळायची आमची पद्धत. एरवी हीच माणसं भर दुपारी गटारात पडलेली अख्ख्या तालुक्यानं बघितलेली असायची.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रविवार, सकाळी दहा, बालवाडी’. कुठली बालवाडी ते लिहिलं नव्हतं. पहिले दोन रविवार मी मुरबाडच्या एसटी स्टँडभोवती चकरा मारल्या, तीन-तीन कप चहा प्यायलो आणि परत आलो. विचारायचं कुणाला? आणि काय म्हणून? दुसऱ्या रविवारी तर परत येताना सरळगावला थांबून क्वार्टर मारली. मीटिंग सापडली नाही याचं दुःख होतं ना!

तिसऱ्या रविवारी मी तसाच वडापावच्या गाडीपाशी उभा होतो. टोकावड्याकडून एसटी आली, त्यातून एक काळा, काटकुळा माणूस उतरला. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, पायात एका पट्ट्याची शिवलेली चप्पल. तो थेट गाडीपाशी आला आणि स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “शेट, ती दारू सोडायची मीटिंग कुठं भरते?”

वडापाववाल्याचा झारा कढईतच राहिला. पण गंमत बघा, कुणी हसलं नाही. रिक्षावाला म्हणाला, “मागल्या गल्लीत, हिरवा दरवाजा.” केळीवाली म्हणाली, “दरवाजा नाय उघडला तर खिडकी वाजव. जा बाबा, लवकर जा.” म्हणजे अख्ख्या स्टँडला पत्ता माहीत होता आणि मी तिथं सहा कप चहा पिऊन दोनदा परत गेलो होतो.

मी त्याच्यामागून निघालो. पंधराएक पावलांचं अंतर ठेवून, मोबाइल बघत, जणू माझं दुसरीकडेच काही काम आहे. हिरव्या दारापाशी तो थांबला, मागं वळला आणि म्हणाला, “या की. मला काय, तुमाला काय, दोघांनाबी हितंच यायचा हाय. शर्टाची बटनं वरखाली लावल्यात तुमी.”

पहिल्या भेटीत मला त्या माणसाचा राग आला तो असा.

आत बालवाडीची खोली. भिंतीवर अननस, आंबा, इमारत आणि ईडलिंबू. बाकं चार वर्षांच्या पोरांची, त्यावर बारा-चौदा बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. ग्रुप सांभाळायचे मनोहरकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बोलायला कुणी उठलं की ते अजून “हं, बोला पुढे” असं तिकीट फाडल्यासारखं म्हणायचे. नवीन माणसानं पहिल्या बाकावर बसायचं, उठून फक्त स्वतःचं नाव सांगायचं, आडनाव नाही, गाव नाही, आणि आपण दारुडे आहोत हे कबूल करायचं, अशी तिथली रीत. तो पहिल्या बाकावर बसला, मी खिडकीशी. मी आदल्या रात्री भाषण तयार केलं होतं. मद्याचे मज्जासंस्थेवर होणारे परिणाम वगैरे. मी सात मिनिटं बोललो. दोघांनी जांभया दिल्या.

मग तो उठला. “मी काळूराम. मी बेवडा. आमच्या गावात ह्या सांगावा लागत नाय, म्हनून सवय नाय सांगायची. कालपत्तुर प्यालो. आज नाय प्यालो, कारन एसटीत बसलो होतो.” आणि खाली बसला.

सगळी खोली हसली. मनोहरकाकांनी चष्मा काढून पुसला. मला त्याच वेळी कळलं की या खोलीत हा माणूस कायम माझ्या पुढे राहणार. शाळेत आपण पहिला नंबर सोडला नाही, आणि दारुड्यांच्या वर्गात एक गिरणीवाला आपल्याला मागं टाकतोय, हे मला पचेना.

काळूरामचा आणि माझा एक करार होता. त्यानंच ठरवलेला. रोज पहाटे साडेपाचला तो मला मिस्डकॉल द्यायचा. एक रिंग. म्हणजे, मी काल नाय प्यालो. मग मी त्याला एक रिंग द्यायची. दोन रिंगा म्हणजे गडबड आहे, ताबडतोब फोन कर किंवा ये. मी त्याला सांगून पाहिलं की काळूदादा, आता बोलणं फुकट असतं, मिस्डकॉल कशाला? तो म्हणाला, “बोलायला लागला की मानूस बनवाबनवी करतो सर. रिंग काय बनवनार?”

सर मात्र तो मला म्हणायचा. आडनाव नाही, गाव नाही, हुद्दा नाही अशी त्या खोलीची शिस्त, पण त्याच्यामुळे सगळेच मला सर म्हणायला लागले. मनोहरकाकांनी एकदा टोकलं, तर काळूराम म्हणाला, “ऱ्हाऊ द्या काका, त्यांना बरा वाटतो.” मला खरंच बरं वाटायचं. ते त्याला दिसलं होतं, हे मात्र बरं वाटत नव्हतं.

रिंग काय बनवणार, असं तो म्हणाला खरा. मी बनवली.

पौषातली म्हशाची जत्रा होती. आमचे सत्तरएक दिवस झाले होते. काळूरामला घोंगडी घ्यायची होती आणि मला उगाच फिरायचं होतं. जत्रेत चालताना त्याचं एक हत्यार असायचं, खिशात मूठभर कच्चे तांदूळ. जीभ वळवळली की चार दाणे तोंडात टाकायचा आणि मागच्या दाढांनी कुडकुड चावत राहायचा. दारूच्या तंबूवरून आम्ही गेलो तेव्हा त्याच्या जबड्याचा आवाज मला गर्दीत ऐकू येत होता. मलाही त्यानं मूठभर दिले. माझी दाढ ठणकायला लागली आणि मी ते फेकून दिले. मग तो घोंगडीवाल्याशी घासाघीस करायला बसला आणि मला बैलबाजारात डीएडचा जुना मित्र भेटला. त्याच्या टेम्पोच्या मागच्या बाजूला, कडब्याला टेकून, आम्ही जुन्या आठवणी काढल्या. बाटली त्यानंच काढली, पण ग्लास मी पुढे केला.

संध्याकाळी मी काळूरामला पोट बिघडल्याचं कळवलं आणि त्याला न भेटताच घरी आलो. बायकोनं, सुनंदानं, दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला एक रिंग आली. मी पाच मिनिटं फोन हातात घेऊन बसलो. वाटलं, दोन द्याव्यात. मग वाटलं, त्याचे एकाहत्तर आणि माझा एक? आम्ही एकाच दारातून एकाच दिवशी आत गेलो आणि आता मी एकट्यानं पहिल्या बाकावर बसायचं, तो मागून बघणार? मी एक रिंग दिली.

त्यानंतर तीन वर्षांत मी किती वेळा प्यायलो, याचा नक्की आकडा सुनंदालाच माहीत. मी सहा-सात म्हणायचो. रोज नाही, पूर्वीसारखं पडेपर्यंत नाही. कल्याणला प्रशिक्षण असलं, परीक्षेचं सेंटर लांब आलं, की एखादी संध्याकाळ. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एक रिंग. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गुरुजी, आता एक थेंबसुद्धा चालणार नाही, घरी बायको आणि शिकणारी मुलगी आहे. ते मला पाठ होतं. पण त्या भीतीपेक्षा मोठी भीती ही की माझा आकडा काळूरामच्या आकड्याच्या मागं पडेल. ऐकणाऱ्याला हसू येईल. माझा जीव मात्र त्यात अडकला होता.

वर्ष झालं की ग्रुपमध्ये वाढदिवस करतात. केक, एक मेणबत्ती, घरच्यांना बोलावणं. आमची तारीख एक, म्हणून केकही एक, वर दोन नावं. काळूरामची बायको हिराबाई हिरव्या लुगड्यात आली होती. तिनं त्याला केक भरवला आणि बाकावर बसून घळाघळा रडली. म्हणाली, “धा वरसं मी ह्याच्या नावानं बोटं मोडली. आता बोटं रिकामी झाली, काय करू सांगा.” लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग सुनंदाची पाळी. ती उठली, केकचा तुकडा उचलला, माझ्या तोंडात घातला आणि जागेवर जाऊन बसली. काळूराम म्हणाला, “वैनी, दोन शब्द बोला की.” ती म्हणाली, “दादा, तुम्ही बोललात ना, तेच.” तिनं स्वतःच्या हातातला केक खाल्ला नाही. घरी जाताना बाइकवर ती एवढंच म्हणाली, “हिराबाईंचं नशीब बघा.”

आता सांगा, मी जळू नको तर काय करू?

त्याच्या गिरणीवर मी पुष्कळदा गेलो. त्याचं तिथलं रूप वेगळंच असायचं. मशीनची धडधड, पट्ट्याचा सपसप आवाज, तुसाचा धुरळा, आणि मधोमध हा एका पायावर भार देऊन उभा. कुणी भात भरडायला आणलं की पोत्यात हात कोपरापर्यंत घालायचा, तळातले दाणे काढून दाढेखाली फोडायचा आणि सांगायचा, “आजून दोन उन्हं दे.” म्हणजे भात ओलं आहे, भरडलं तर कणी होईल, आणखी दोन दिवस वाळव. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी मशीन चालू करायचा नाही. मालकाचा धंदा बुडाला तरी चालेल.

हेच तो माणसांबद्दल म्हणायचा. मीटिंगला एखादा नवा येऊन शपथा घ्यायला लागला, लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो म्हणाला, की काळूराम माझ्या कानाशी येऊन सांगायचा, “दोन उन्हं कमी हायत.” आणि तो माणूस पंधरा दिवसांत पुन्हा प्यायचाच. तरी काळूराम त्याला शोधत जायचा. मुरबाडच्या अंगाला असे सहा जण त्यानं धरून ठेवले होते. सहाही जणांनी त्याला पहाटे रिंग द्यायची. माझ्याकडे कुणीच आलं नाही, मी शिक्षक असून. एकदा मीच एकाला म्हणालो की तुला काही लागलं तर मला फोन कर. तो म्हणाला, “तुमी मोठी मानसं सर, तुमाला नाय समजायचा.” मला नाही समजायचं! मी त्याच्याहून ताजा प्यायलेला होतो.

माझ्याबद्दल काळूराम कधी ‘दोन उन्हं’ म्हणाला का, हे मला माहीत नाही. माझ्यासमोर नाही म्हणाला.

आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात एका रविवारी काळूराम मीटिंगला आला नाही. पहाटेची रिंगही नव्हती. बालवाडीत सगळे काळजीत पडले. मनोहरकाका म्हणाले, “सर, तुमच्याकडे गाडी आहे, बघून या.” मी गाडीला किक मारली ती अगदी हलक्या मनानं. सरळगाव सोडल्यावर तर मी शीळ घालत होतो. प्यायला असणार. पडला असणार कुठंतरी. देवा, प्यायलेला सापडू दे.

आणि तो सापडला. गिरणीच्या मागच्या भिंतीला, तुसाच्या ढिगावर आडवा, तोंड उघडं, लुंगी गुडघ्याच्या वर. मला जे झालं त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द नाही. मी वाकलो आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

डोळे न उघडता तो म्हणाला, “घ्या सर, वास घ्या. हिराबाय रोज घेते.”

त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. हिवताप होता. मी त्याला मागं बसवून, माझ्याच कमरेला त्याच्या टॉवेलनं बांधून दवाखान्यात नेलं. वाटभर त्याचं कपाळ माझ्या पाठीला लागलेलं. लोकांनी नंतर माझं फार कौतुक केलं. काळूराम मीटिंगमध्ये म्हणाला की सरांनी माझा जीव वाचवला. मी खाली मान घालून बसलो, तर लोकांना तो विनय वाटला.

तिसरं वर्ष पूर्ण होत आलं. दिवाळीनंतरचा रविवार आमचा. मनोहरकाकांनी केक सांगून ठेवला, वर काळूराम आणि सर अशी दोन नावं. दिवाळीच्या सुट्टीआधी, बुधवारी, कल्याणला प्रशिक्षण होतं आणि मी परतताना माझी एखादी संध्याकाळ करून आलो होतो. गुरुवारी पहाटे एक रिंग. शुक्रवारी दुपारी साडेबाराला फोन वाजला. एक रिंग, बंद. पुन्हा एक रिंग, बंद.

तीन वर्षांत पहिल्यांदा दोन रिंगा.

विचारत विचारत मी पोचलो तेव्हा काळूराम गावाबाहेर, वाघोबाच्या दगडापाशी एकटा बसला होता. दगडाला शेंदूर, समोर हळदकुंकू, कोंबड्याची पिसं. त्या दिवशी वाघबारस. त्याच्या भावकीत या दिवशी वाघोबाला कोंबडा आणि दारूची धार देतात, म्हणजे गुरांना राखतो. धार घालून द्रोणात उरते ती घरातल्या थोरल्यानं प्यायची. आजवर थोरला भाऊ प्यायचा. तो ज्येष्ठ महिन्यात वारला होता.

“मीच थोरला आता,” काळूराम म्हणाला. “हे कालपत्तुर माज्या ध्यानातच नाय आला. भावकी समदी उभी. द्रोन हातात दिला. मी बोललो, नुसता व्हटाला लावतो. लावला. आनि गिळला.”

मी त्याच्या शेजारी बसलो. मनातल्या मनात म्हणालो, पडला. शेवटी पडला. आता आम्ही सारखे.

मी त्याला समजवायला लागलो. खरंच मनापासून, वर्गात समजवतो तसं. काळूदादा, ते तीर्थ होतं. प्रसाद होता. देवाचं ते देवाचं, ते दारूत मोजत नाहीत. घोटभर तर होतं. आणि दिवाळी झाली की रविवारी केक आहे, हिराबाई येणार, तुमची सहा माणसं तुमच्याकडे बघून दिवस काढतात, ती ढासळतील. कुणाला सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत, मला माहीत. मी नाही बोलणार.

तो ऐकत होता. खिशातून तांदूळ काढले, पण चावले नाहीत, तळहातावरच फिरवत राहिला.

“सर,” तो म्हणाला, “पयला घोट देवाचा, त्याला मी नाय बोलत नाय. पन गिळल्यावर घशानं दुसरा मागितला. समदी भावकी गेली तरी मी हितं बसून ऱ्हायलो, तो द्रोन चाटायला मिळंल म्हनून. तो दुसरा घोट काय वाघोबा नव्हता मागत.”

मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता विचारेल. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, “तुमी आला, लय झाला. जावा आता घरी, वैनी वाट बघत असंल.”

मधली दिवाळी मी कशी काढली ते माहीत नाही. प्यायलो नाही, एवढं नक्की. तो सांगतो की लपवतो, याच एका विचारानं माझा इतका कब्जा घेतला होता की प्यायची आठवण झाली नाही. मला तो लपवायला हवा होता. त्यानं लपवलं असतं तर माझी तीन वर्षं जरा कमी खोटी झाली असती.

दिवाळीनंतरच्या रविवारी बालवाडीची खोली भरली होती. टेबलावर केक. सुनंदा मागच्या बाकावर, शेजारी हिराबाई. मनोहरकाका म्हणाले, “हं, बोला पुढे.” काळूराम उठला.

“मी काळूराम. मी बेवडा. आज माजा नववा दिवस.”

कुणाला कळेना. त्यानं सगळं सांगितलं, वाघोबा, द्रोण, दुसरा घोट. आवाज कापला नाही. हिराबाईला आधीच सांगितलेलं असावं, ती सरळ त्याच्याकडे बघत होती. सांगून झाल्यावर तो मागच्या बाकावर आपल्या जागी गेला नाही. पहिल्या बाकावर, नवीन माणसाच्या जागेवर, गुडघे छातीशी घेऊन बसला. त्याच्या सहा माणसांतला एक हुंदका देऊन रडला. मनोहरकाकांनी चमचा घेतला आणि केकवरचं त्याचं नाव खरवडायला गेले, तर काळूराम म्हणाला, “ऱ्हाऊ द्या काका, केकनं काय केलाय? सरांचा वाढदिवस हाय ना. कापा सर. तीन वरसं म्हंजे खायचा काम नाय.”

सुरी माझ्या हातात आली.

तीन वर्षं मला जे हवं होतं ते हेच. तो खाली, मी वर. एकटा मी, माझा केक, सगळी खोली माझ्याकडे बघतेय आणि काळूराम पहिल्या बाकावरून मान उंच करून टाळ्या वाजवायला हात वर धरून बसलाय. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, घाम येऊन ताप उतरल्यावर होतो तसा. मला त्याच्या तीन वर्षांचा हेवा वाटत आला होता. आता त्याच्या नऊ दिवसांचा वाटायला लागला. तो पडतानासुद्धा माझ्या पुढे गेला होता.

मी मागं बघितलं. सुनंदा खाली, स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

मी सुरी ठेवली. “मी सदानंद,” मी म्हणालो. ते नाव त्या खोलीत तीन वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. “मी बेवडा. माझा अकरावा दिवस.”

आणि मग म्हशाच्या टेम्पोपासून सगळं. भाषण तयार केलेलं नव्हतं, त्यामुळे फार वेळ लागला नाही. भाद्रपदात वास घ्यायला वाकलो होतो तेही सांगितलं. मनोहरकाकांचा चमचा हातातच. मी वर बघायला तयार नव्हतो.

पहिला आवाज काळूरामचा. तो बोटांवर मोजत होता. “अकरा... नऊ... म्हंजे सर माज्या फुडं दोन दिस!” आणि त्यानं टाळी वाजवली, अशी कडकडीत, जशी स्वतःच्या पोराचा नंबर आल्यावर बाप वाजवतो. मग बाकीचे वाजवायला लागले. तो बाकावर सरकला आणि शेजारच्या जागेवर हात आपटून म्हणाला, “या. ह्या बाकावर आपल्याला सोबत बसायला मिळालाच नव्हता. त्या दिवशी तुमी खिडकीशी बसलेले.”

मी जाऊन बसलो. सुनंदा मागून उठली, स्वतःच केक कापला आणि पहिला तुकडा उभ्या उभ्या स्वतः खाल्ला.

त्याला माहीत होतं का? मी त्याला पुढे कधीतरी विचारलं. तो म्हणाला, “तुमची रिंग. खरी असली की तुमी लगेच द्यायचे. खोटी असली की धा मिनिटं लागायची.” मग एकदा तरी बोलायचं ना, म्हणून मी चिडलो. तर म्हणाला, “मी बोललो असतो तर तुमी रिंग द्यायचीच बंद केली असती.”

त्यानंतर तो फार दिवस नव्हता. पुढच्या श्रावणातला एक रविवार. मीटिंग सुटल्यावर मी त्याला सरळगाव नाक्यापर्यंत सोडलं. पाऊस भुरभुरत होता. माळशेजकडे जाणारी एसटी उभीच होती. तो चढला, खिडकीशी बसला आणि काच सरकेना म्हणून कंडक्टरला शिव्या दिल्या. मग फटीतून ओरडला, “सर, माजे दोनशे ब्याऐंशी. तुमचे?”

“चौऱ्याऐंशी.”

“फुडंच ऱ्हायला बघा! मास्तर तो मास्तर!” आणि पुढचे दोन दात नसलेलं ते हसू, काचेवर त्याच्या श्वासाची वाफ, आणि गाडी सुटली.

बुधवारी दुपारी जेवून तो गिरणीवर डुलकी काढावी म्हणून पोत्याला टेकून आडवा झाला, तो उठला नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. हिराबाईनं मला सांगितलं, “सर, शेवटचा वासबी मी घेतला. कायच नव्हता.”

त्याचा आकडा तिथं थांबला. माझा चालू आहे. रोज सकाळी उठतो तो मी त्याच्यापेक्षा आणखी एक दिवस पुढे गेलेला असतो. मला त्याच्या पुढे जायचं होतं, हे खरं. इतकं नव्हतं.